एमबीएला ‘शाश्वतता’ शिकवायची कशी? एक टन उसापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: “निपाणीजवळच्या एका कॉलेजात एमबीएला शिकवते. या सेमिस्टरला ‘सस्टेनेबिलिटी’चा पेपर माझ्या गळ्यात पडला. दोन आठवडे व्याख्या, नफा-माणसं-पृथ्वीची तीन वर्तुळं, संयुक्त राष्ट्रांची सतरा उद्दिष्टं स्लाइडवर दाखवली. मुलं मोबाईल बघतात. परवा एकानं विचारलं, ‘मॅडम, आमच्या गावच्या कारखान्याचं मळीचं पाणी ओढ्याला येतंय, आणि त्योच कारखाना आपल्या कॉलेजला देणगी देतोय. ह्याला कुठल्या वर्तुळात घालायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये हा विषय कसा शिकवतात?”

मॅडम, तुमचा वर्ग मेलेला नाही. असा प्रश्न विचारणारा एक मुलगा असला तरी सेमिस्टर निघतं. त्याच्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याला सरळ उत्तर माझ्याकडेही नाही.

माझी ओळख एवढीच: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, १४ वर्षं काढली, आधी भट्टीवर, मग कॉस्टिंगच्या टेबलावर. त्यानंतर गेली १७ वर्षं बेळगावात एमबीएच्या मुलांना ऑपरेशन्स आणि हा तुमचा नवा पेपर शिकवतोय.

तुम्ही विचारलंय शिकवण्याच्या पद्धतीबद्दल, पण अडचण स्लाइडमध्ये नाही. मुलांना सोमवारी फायनान्सचे सर सांगतात की भागधारकांची संपत्ती वाढवणं हे कंपनीचं काम. मंगळवारी मार्केटिंगला खप कसा वाढवायचा ते शिकतात. बुधवारी मी सांगतो खर्च कसा कापायचा. आणि गुरुवारी जेवणानंतरच्या तासाला तुम्ही येऊन म्हणता, पृथ्वी एकच आहे हो. मुलं काय समजायचं ते समजतात: तीन दिवस धंदा, चौथ्या दिवशी कीर्तन. कीर्तन ऐकायचं, टाळ वाजवायचा, घरी जायचं. हा विरोध वर्गात उघड मांडला नाही तर कितीही चांगले व्हिडिओ दाखवा, उपयोग नाही.

पुढे जे सांगतो त्यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम तुम्ही वाकवू शकता. संलग्न असेल, व्हीटीयूला असो की राणी चन्नम्मा विद्यापीठाला, तर पेपर बाहेरून येतो आणि व्याख्या लिहाव्याच लागतात. तेव्हा व्याख्या टाळू नका, फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत ढकला. अंतर्गत गुण मात्र दोन्हीकडे तुमच्या हातात असतात, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. दुसरं, तुमचे विभागप्रमुख कसे आहेत यावर कारखान्याच्या भेटी ठरतात. तिसरं, वर्गात कोण बसलंय. चिक्कोडी-निपाणीच्या वर्गात निम्म्या घरांत ऊस किंवा तंबाखू असणार. माझ्याकडे शहरातली मुलं जास्त, त्यांना ऊस आधी दाखवावा लागतो. तुमचं काम त्या मानानं सोपं आहे.

आता मोठ्या शाळांचं. जगभर ढोबळ मानानं तीन रस्ते दिसतात. एक, वेगळा पेपर, बहुतेक वेळा ऐच्छिक. दोन, प्रत्येक मूळ विषयात थोडाथोडा मिसळणं, म्हणजे अकाउंटिंगमध्ये कार्बनचा हिशोब, मार्केटिंगमध्ये खोटे हिरवे दावे. तीन, प्रत्यक्ष कंपनीचं काम हातात देणं. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २००७ मध्ये ‘जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वं’ आली, त्यावर शेकडो शाळांनी सह्या केल्या. अमेरिकेतल्या एएसीएसबी या मान्यता देणाऱ्या संस्थेनं २०२० च्या निकषांत शाळेचा समाजावर काय परिणाम होतो हेही विचारायला सुरुवात केली. सही करणं सोपं असतं. माझं मत विचाराल तर पहिला रस्ता सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात निरुपयोगी, कारण तो बाकीच्या विषयांना हात लावत नाही. दुसरा सगळ्यात चांगला, पण त्याला सहकारी लागतात. तुम्हाला पहिला रस्ता मिळालाय. त्यावरून चालताना दुसऱ्याच्या शेतात पाय टाकायचा, एवढीच युक्ती.

पहिल्या तासाला मी ‘शाश्वतता’ हा शब्दच उच्चारत नाही. एका वर्षी हुक्केरीकडचा एक मुलगा म्हणाला होता, “सर, शाश्वत म्हटलं की देवळातलं काहीतरी वाटतंय.” खरंच आहे, तो शब्द आपण अभंगा-कीर्तनातच ऐकलेला. मी विचारतो, “हे किती वर्षं टिकंल?” आणि फळ्यावर लिहितो: एक टन ऊस.

एक टन ऊस कारखान्यात गेला, बाहेर काय आलं? साखर १०० ते ११० किलो. बगॅस, म्हणजे चिपाड, साधारण ३०० किलो. मळी, म्हणजे मोलॅसिस, ४० ते ४५ किलो. प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, ३०-४० किलो. मुलं बेरीज करतात, पाचशेच्या आत येते. बाकीचं कुठं गेलं? इथं शांतता पसरते. मग कुणीतरी हळूच म्हणतो, “पाणी?” होय की. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. कारखाना दर टनामागे शेकडो लिटर पाणी उसातूनच आत आणतो, आणि वाफेचं पुन्हा पाणी करून नीट वापरलं तर नदीतून फार थोडं उचलावं लागतं. ज्यांच्या घरी तीन पिढ्या ऊस आहे त्या मुलांनीही हा हिशोब कधी केलेला नसतो.

मग एकेक वस्तू घेऊन विचारायचं: हिला किंमत कधी आली? बगॅस पूर्वी कसाबसा जाळून संपवायचा माल होता. सहवीजनिर्मिती आली, जादा वीज विकता यायला लागली, बगॅसला भाव आला. मळीचं इथेनॉल होतं, पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याच्या धोरणामुळे तिला मागणी आली. प्रेसमड खतात आणि आता गॅसमध्ये जातो. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर सांडपाणी निघतं, त्याला मात्र कुणी किंमत देत नाही. म्हणून तिथे नियम लागतो की डिस्टिलरीनं थेंबही बाहेर सोडायचा नाही. ज्याला भाव आला ते कारखान्यानं स्वतःहून सांभाळलं, ज्याला भाव नाही त्याच्यामागे पोलिसासारखं उभं राहावं लागतं. अर्थशास्त्राचं पुस्तक ज्याला बाह्य खर्च म्हणतं ते हेच, पण मी मुलांना आपल्या भाषेत सांगतो: खर्च झाला, पण कुणाच्या खात्यावर लिहिला? अख्खं सेमिस्टर हा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा.

त्याच खात्यावर मग शेतातलं पाणी येतं. उसाला लागणीपासून तोडीपर्यंत १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं, आणि अथणी-रायबागचा पाऊस त्याच्या खालच्या आकड्याच्या निम्माही नाही. बाकीचं कृष्णेचं, घटप्रभेचं, नाहीतर बोअरचं. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत, म्हणजे उपशाची किंमत शून्य. तोडायला टोळ्या येतात बीडकडून, विजयपूरकडून. त्यांची पोरं फडावरच, शाळा बुडालेली. तो खर्च कुणाच्या खात्यावर?

इथं वर्ग तापतो. एकदा रायबागच्या मुलानं उभं राहून विचारलं, “सर, मग ऊस लावू नको म्हणताय काय?” हा क्षण सांभाळायचा असतो. मी त्याला उलट विचारलं, तू का लावतोस? तो म्हणाला, दुसऱ्या कुठल्या पिकाला घेणारा आधीच ठरलेला आहे? बरोबर आहे त्याचं. उसाला केंद्र एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान दर, जाहीर करतं, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये. सोयाबीनला हमीभाव कागदावर, घेणारा व्यापारी. म्हणजे शेतकरी अडाणी नाही, हावरट नाही. समोर जे भाव आणि जी सोय आहे तिच्यात तो शहाणपणानं वागतोय. गुन्हेगार शोधायची सवय मोडली की मुलं व्यवस्था बघायला लागतात. माझ्या विषयातला हा सगळ्यात कठीण तास आहे आणि मला तो दरवर्षी जमतोच असं नाही.

दुसरा मोठा धडा मी फाउंड्रीवर घेतो, कारण ते माझं घर आहे. आमच्याकडे मुलांना एका फाउंड्रीचं वीजबिल आणि महिन्याचं उत्पादन देतो. तुम्ही हे आकडे वापरा, गणितासाठी धरलेले आहेत पण वास्तवापासून लांब नाहीत: एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिट. ओतलेल्या धातूपैकी ६० टक्केच माल, बाकी रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू, जो परत भट्टीत जातो. म्हणजे एक टन कास्टिंगला १,००० युनिट. त्यात ८ टक्के रिजेक्शन, म्हणजे चांगल्या टनाला १,०८७. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणलं तर १,०४२. टनामागे ४५ युनिट वाचले. महिन्याला २०० टन माल आणि युनिट ८ रुपये धरलं तर ७२,००० रुपये. आपल्या विजेच्या जाळ्यात युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्या हिशोबानं महिन्याला सहा टनांवर बचत. आणि हे करायला सौरऊर्जा नको, सल्लागार नको. वाळूतला ओलावा नीट तपासायचा आणि मोल्ड तयार नसताना भट्टीत धातू धरून ठेवायचा नाही. मुलांना कळतं की क्वालिटीवाला जे काम करतो तेच कार्बनचं काम आहे. कॉस्टिंगच्या सरांनाही हे गणित आवडतं, म्हणून ते मला त्यांचा एक तास देतात.

पण इथेच थांबलात तर तुम्ही अर्धसत्य शिकवलंत. पुस्तकातल्या बहुतेक केस इथेच थांबतात: पर्यावरणही वाचलं, पैसाही वाचला, टाळ्या. म्हणून त्याच फाउंड्रीची दुसरी बाजू लगेच काढा. वापरलेली वाळू. ती परत वापरण्यालायक करणारं यंत्र छोट्या फाउंड्रीला परवडत नाही. वाळू टाकायला ट्रॉलीवाला थोडे पैसे घेतो आणि ती कुठल्या तरी खाचरात जाते. इथे पैसा आणि पर्यावरण एका बाजूला नाहीत. आता काय? दहा फाउंड्र्यांनी मिळून एक यंत्र घ्यायचं? मग कुणाची वाळू आधी? गिऱ्हाईक किलोमागे पन्नास पैसे जास्त देईल? सरकारनं टाकण्यावर आकार लावायचा? जिथे दोन्हींचा फायदा संपतो तिथून हा विषय खरा सुरू होतो. ‘नफा, माणसं, पृथ्वी’ हे त्रिसूत्र १९९४ मध्ये मांडणाऱ्या जॉन एल्किंग्टन यांनीच २०१८ मध्ये, कंपनी खराब गाडी परत मागवते तशी, आपली कल्पना परत मागवायची वेळ आलीय असं लिहिलं. कारण लोकांनी तिचा उपयोग तिन्ही रकान्यांत टिकमार्क करायला केला. तुमची तीन वर्तुळं दाखवाल तेव्हा हेही सांगा.

नोकरीचा प्रश्न मुलं विचारतातच, तेव्हा त्यालाही हा धडा जोडता येतो. बेळगावात ‘सस्टेनेबिलिटी मॅनेजर’ अशी पाटी फार दारांवर नाही. पण युरोपनं लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनचा सीमा आकार आणलाय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, २०२६ पासून पैशाचा हिशोब सुरू झाला. पंपाचे, मोटारीचे सुटे भाग सगळे त्या यादीत नाहीत, तरी तिकडचा गिऱ्हाईक प्रश्नावली पाठवतोच: टनाला किती वीज, किती कार्बन. फाउंड्रीत ती कोण भरतो? ज्याला एक्सेल येतं तो. माझी एक विद्यार्थिनी आज तेच करते. हुद्दा आहे ‘अकाउंट्स असिस्टंट’.

कारखान्याच्या भेटीबद्दल एक. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना घेऊन एका ठिकाणी गेलो होतो. सांडपाण्याचा प्लांट चकचकीत, टाकीत मासे सोडलेले, मुलांनी फोटो काढले, चहा-बिस्कीट झालं. परत येताना बसचा ड्रायव्हर म्हणाला, “सर, तुम्ही येणार म्हणून आज चालू केलंय.” मला शरम वाटली, कारण भट्टीवर १४ वर्षं काढलेल्या माणसाला हे स्वतःला दिसायला हवं होतं. तेव्हापासून मुलांना एकच काम देतो: प्लांटचं वेगळं वीजमीटर कुठं आहे ते विचारा आणि गेल्या सहा महिन्यांची नोंद बघा. हवा मारणारे ब्लोअर रोज चालले असतील तर युनिट पडलेले असतात. मासे खोटं बोलतात, मीटर सहसा बोलत नाही. दाखवायला नकार आला तर तीही माहितीच.

कागद वाचायला शिकवणं हाही अर्धा विषय आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं वरच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केलाय. तो फुकट मिळतो. आपल्या जिल्ह्यात कारखाना असलेली कुठलीही सूचिबद्ध कंपनी निवडा, दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा आणि फक्त पाण्याचा तक्ता काढा. त्यात ‘उलाढालीच्या रुपयामागे किती पाणी’ असा एक आकडा असतो. तो कमी झाला की मुलं लगेच लिहितात, कंपनी सुधारली. मग विचारा, साखरेचा किंवा धातूचा भाव त्या वर्षी वाढला होता का? भाव वाढला की उलाढाल फुगते आणि एक थेंबही न वाचवता आकडा खाली येतो. टनामागे पाणी काढायला लावा, चित्र वेगळं दिसू शकतं. या एका तासानं मुलांच्या डोळ्यावरची झापडं जेवढी गळतात तेवढी माझ्या दहा भाषणांनी गळली नसतील.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, घोळ लगेच मिटवा. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं की ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. शाळेला बाकडी, गावाला पाण्याची टाकी, कॉलेजला प्रोजेक्टर. चांगलंच आहे. पण हा मिळवलेल्या नफ्यातल्या दोन रुपयांचा हिशोब झाला. आपला विषय उरलेले अठ्ठ्याण्णव आणि मुळात शंभर कसे मिळवले हा. तुमच्या मुलाचा प्रश्न नेमका या दोघांच्या मधल्या फटीत बसतो.

माणसांचं खातं शिकवायला आपल्याकडे अथणी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या चारांत बेळगाव आहे. (सीमाप्रश्नावर जे दोन राज्यांना जमलं नाही ते चपलेनं करून दाखवलं, असं मी वर्गात म्हणतो, मराठी मुलं हसतात, कानडी मुलंही हसतात.) जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या, आधी आपल्या कारागिरांचा उल्लेख न करता, मग ओरड झाल्यावर मान्य केलं. मुलांना अथणीला पाठवा आणि एका जोडाच्या किमतीतले कारागिराला किती, कातडं कमावणाऱ्याला किती, दुकानदाराला किती, एवढंच विचारून यायला सांगा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायला दिवस लागतात, रसायनानं लवकर होतं. सावकाश कामाचे पैसे कुणी द्यायचे? उत्तर प्रत्येक गट वेगळं आणतो.

आणि निपाणीत असून तुम्ही तंबाखू टाळणार असाल तर मुलं तुम्हाला ओळखतील. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन तुमच्या गावच्या हमरस्त्यावर झालं. तुमच्या वर्गात कुणाची तरी आई विड्या वळत असेल. अत्यंत काटकसरीनं, पाणी वाचवून, मजुरी वेळेवर देऊन चालवलेला विडी कारखाना टिकाऊ म्हणायचा का? माल विकत घेणारा मरतो. कारखाना बंद केला तर वळणारी उपाशी. इथे उत्तर देऊ नका, मीही देत नाही. हा तास मात्र वर्गाचा तुमच्यावर विश्वास बसल्यानंतर घ्या, आठव्या-नवव्या आठवड्याच्या आधी नको.

आता माझा आवडता खेळ, कारण सोमवार आणि गुरुवारचं भांडण तो उघड्यावर आणतो. मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये डेनिस मेडोज यांनी तयार केलेला मासेमारीचा खेळ खेळतात, संगणकावर. मी त्याचा बोअरवेल केलाय. पाच जणांचा गट, मध्ये एक डबा, डब्यात १०० हरभरे. तो भूजलसाठा. प्रत्येक फेरीला प्रत्येकानं चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं, किती हरभरे उचलणार. जास्तीत जास्त सहा. एक हरभरा म्हणजे दहा हजार रुपये. फेरी संपली की पाऊस: डब्यात जेवढे उरले त्याच्या २० टक्के तुम्ही भर घालायची, पण शंभराच्या वर नाही. दहा फेऱ्या. बोलायला बंदी.

काय होतं ते सांगतो. सगळे सहा-सहा घेतात. ७० उरले, पावसानं ८४. मग ५४, पावसानं ६५. मग ३५, पावसानं ४२. मग १२, पावसानं १४. पाचव्या फेरीला डबा रिकामा. प्रत्येकाच्या हाती २६-२७ हरभरे. दुसऱ्यांदा बोलायला परवानगी द्या. कुणीतरी शोधून काढतो की तीन-तीन घेतले तर दर पावसाळ्यानंतर डबा पुन्हा भरतो आणि कधीच संपत नाही. दहा फेऱ्यांत प्रत्येकाला ३०. पाटाच्या पाण्याची पाळी ठरवावी तशी गट आपोआप पाळी ठरवायला लागतो, मोडणाऱ्याला दंड ठरवतो. हेच नियम जगभरच्या गावांत शोधून मांडल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे तेव्हा सांगायचं, आधी नाही.

बहुतेक शिक्षक इथे थांबून म्हणतील, बघा, सहकार्यात भलं. तुम्ही थांबू नका. हिशोब परत बघा: ओरबाडणाऱ्याला पाच वर्षांत २७, जपणाऱ्याला दहा वर्षांत ३०. फरक फक्त तीन हरभऱ्यांचा! आणि फायनान्स शिकलेला मुलगा लगेच म्हणतो, सर, १२ टक्के दरानं आजचं मूल्य काढलं तर ओरबाडणाराच जिंकतोय. अगदी बरोबर म्हणतो. अकराव्या वर्षी डब्यात शंभर हरभरे आहेत की शून्य, हे त्याच्या दहा फेऱ्यांच्या सूत्रात येतच नाही. १२ टक्के दरानं तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सव्वातीन रुपयांच्या आसपास. ४ टक्के धरला तर जवळपास ३१. हवामान बदलावर २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी तातडीनं मोठा खर्च करा म्हटलं आणि दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस सावकाश चला म्हणाले, त्या वादाचं मोठं कारण हा दरच होता. या तासाला फायनान्सच्या सरांना बोलवा आणि त्यांनाच विचारा, नातवाच्या विहिरीला किती टक्के लावायचे? आमचे सर पहिल्यांदा चिडले होते. आता ते स्वतःच्या वर्गात हे उदाहरण देतात. म्हणजे तुमचा गुरुवार सोमवारात शिरला.

तुमच्या उरलेल्या आठवड्यांची जुळणी साधारण अशी करा: दोन आठवडे ऊस, दोन आठवडे फाउंड्रीचं गणित, मग बीआरएसआर, मग अथणीची चक्कर, मग हरभरे आणि फायनान्सचे सर, तंबाखू, आणि शेवटी विद्यापीठाच्या पेपरपुरत्या व्याख्या. ब्रुंटलँड आयोगाचा १९८७ चा अहवाल, ज्यात शाश्वत विकासाची ती प्रसिद्ध व्याख्या आहे, तेव्हा सांगितलात की मुलं म्हणतात, अरे हे तर आपण केलंय. झाडं लावण्याला मात्र गुण देऊ नका. मी दोन वर्षं दिले होते. रोपं मे महिन्यात गेली, गुण राहिले.

आता तुमचा तो मुलगा. माझ्या एका विद्यार्थिनीनं काही वर्षांपूर्वी असाच ओढा प्रकल्पाला घेतला होता. कारखान्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, दर आठवड्याला, साधं मीटर आणि पीएचच्या पट्ट्या घेऊन नोंदी, शिवाय ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारून कुठल्या महिन्यात हात खाजतो त्याची यादी. काम उत्तम होतं. तोंडी परीक्षेच्या आधी मला वरून निरोप आला, शीर्षकातलं नाव काढा. मी काढलं. पोरीच्या पदवीचा प्रश्न होता, माझ्याही नोकरीचा होता, ते लपवत नाही. नाव गेलं, ‘कारखाना अ’ आलं, आकडे सगळे ठेवले. बाह्य परीक्षकांनी विचारलं, अ म्हणजे कोण? ती म्हणाली, “सर, ते नाव लिहिता येत नाही, हाच माझ्या प्रकल्पाचा शेवटचा निष्कर्ष आहे.”

तुम्ही त्या मुलाला हेच करायला सांगा. नाव नको, आरोप नको, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र तर मुळीच नको. ओढ्याला घाण एकाच ठिकाणाहून येते असंही गृहीत धरू नका, गावाचं गटारही असतं. वरचा अंग, खालचा अंग, तारीख, आकडा. देणगीची रक्कम कॉलेजच्या वार्षिक अहवालात छापलेली असेल तर तीही एका रकान्यात लिहा, टिप्पणी न करता. आणि वर्गात प्रामाणिकपणे सांगा की मॅडमनाही यात किती पुढे जाता येईल ते ठाऊक नाही. मुलांना ते चालतं. खोटं चालत नाही.

हरभरे बाजारातून कोरडे आणा. एका वर्षी मी घरून भिजवलेले नेले होते, तिसऱ्या फेरीपर्यंत पोरांनी निम्मा जलसाठा खाऊन टाकला.